कौशल्येची खीर कोणी खाल्ली?

तळखेडच्या नत्थुजीच्या बायकोच्या पानाला कावळा शिवत नसे, आणि ही गोष्ट अमरावतीपासून चार कोसांत सगळ्यांना ठाऊक होती.

पहिल्यांदा हे झालं दहाव्याला. कावळे नव्हते असं नाही. चांगले अकरा होते. शेजारच्या खुशालरावाने बोट दाखवून मोजले होते. तळ्याकाठच्या बाभळीवर बसून त्यांनी तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळा विधी पाहिला. रीतीप्रमाणे नत्थुजी हात जोडून कबूल करत गेला. "तुही गाय विकनार नाई." कावळे गप्प. "तंबाखू सोडतो." गप्प. "तुह्या भावासंगं बोलतो." यावर एक कावळा जरा हलला, पण तो नुसता पाय बदलत होता. शेवटी हरिहरभटांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला तेव्हा अकराही जण उडून गेले. जणू तेवढंच बघायचं राहिलं होतं.

दुसऱ्यांदा वर्षश्राद्धाला. तेव्हा एक कावळा खाली आला, पानापर्यंत चालत गेला, खिरीत डोकावला आणि शेजारी किसनरावाच्या आजोबांच्या पानावर जाऊन जेवला. माणसाचा अपमान माणसाने केला तर त्याला उत्तर देता येतं. कावळ्याला काय उत्तर देणार?

"तिचं काहीतरी राहिलं असन," गोदाकाकू म्हणाल्या. गोदाकाकू म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई. जन्म, लग्न, मरण या तिन्ही बाबतींत भटजींच्या आधी त्यांचा शब्द चाले. "आठवून पाह्य, नत्थू."

नत्थुजीला आठवायची गरज नव्हती. ती गेली त्या साली विलायतेच्या पलीकडे कुठंतरी दोन भावांचं भांडण चाललं होतं आणि त्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोण भाऊ, कशावरून भांडतात, हे गावात कोणाला माहीत नव्हतं. पण भांडण मिटू नये म्हणून खुशालरावाने मारुतीला नारळ कबूल केला होता. नत्थुजी कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला. वेशीवरच्या नाक्यापाशी गाड्यांची रांग इतकी लांब होती की दोन दिवस तो तिथंच अडकून पडला. इकडे कौशल्येला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई. तिच्या कपाळी शेवटचं कुंकू नवऱ्याच्या हातचं लागतं, अशी गावची रीत. बायकांनी दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली आणि मग गोदाकाकूंनीच हळद लावली, कुंकू लावलं. नत्थुजी पोचला तेव्हा राख गार झाली होती.

एवढंच राहिलं होतं. आणि हे कबूल करून भागण्यासारखं नव्हतं.

आता भादव्यातली अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा हा दिवस. एकुलती लेक मोर्शीला दिलेली, ती बाळंत झालेली. म्हणून खीर नत्थुजीने स्वतः केली. गोदाकाकू दारातून सांगत होत्या आणि तो ढवळत होता. खालून थोडी लागली.

"कावळे तं वासावरूनच उडतीन," खुशालराव म्हणाला. या खुशालरावाने दोन हंगामांचा कापूस भाव आणखी चढेल म्हणून विकला नव्हता. तो त्याच्या घरात आढ्यापर्यंत भरला होता आणि खुशालराव बायकोपोरांसकट ओसरीवर राहत होता. तरी दुसऱ्याने काय करावं हे सांगण्यात त्याने कधी हयगय केली नाही.

पान तळ्याकाठी ठेवायचं नत्थुजीने ठरवलं. जिथं कौशल्या धुणं धुवायची त्याच दगडापाशी. हरिहरभटांना त्या दिवशी अकरा घरं होती. ते पान मांडल्या मांडल्या दर्भ काढून बसले.

"महाराज, थोडं थांबा ना."

"थांबतो. पण कावळा तयार असलेला बरा."

आणि मग लव्हाळ्यातून एक बदक बाहेर आलं.

ते घाईत नव्हतं. चिखलाने माखलेलं तोंड घेऊन डुलत डुलत काठावर चढलं, अंग झटकलं, बाभळीवरच्या कावळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सरळ पानावर येऊन खीर खाऊ लागलं. आधी खीर, मग भात, मग वड्याचा तुकडा, मग पुन्हा खीर. खालून लागलेली होती तीही खाल्ली. पान चाटूनपुसून साफ केलं आणि शेजारच्या चिखलात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून चोच फुरफुरवत बसलं.

नत्थुजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तेवढ्यात गोदाकाकू म्हणाल्या, "महाराज, बदक शिवलं तं चालते काय?"

हरिहरभट पंचवीस वर्षं या गावात भिक्षुकी करत होते. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. "ग्रंथात कावळा आहे," ते सावकाश म्हणाले. "बदक नाही. पण नको, असंही नाही."

याला उत्तर म्हणत नाहीत, पण नत्थुजीला तेवढं पुरलं असतं. नेमका त्याच वेळी बांधावरून एक दाढीवाला माणूस ओरडत धावत आला. "मेरी बतख! ओ पटेल, पकडो उसको! साहब की बतख है!"

हा करीमबक्ष खानसामा. गावाबाहेर आगगाडीच्या लोखंडी सडकेसाठी मातीचा बांध घालणं चालू होतं, त्यावरच्या गोऱ्या साहेबाचा तंबू तळ्यापलीकडे होता. साहेब रोज सकाळी आपली बदकं मोजायचा. आज सकाळी तो अमरावतीला गेला तोवर चार होती, आणि आता तीन होती.

बदकाने पळायला सुरुवात केली. खानसामा डावीकडून गेला. नत्थुजी, पन्नाशीचा माणूस, नुकता सोवळं नेसलेला, त्याने सरळ उडी घातली. बदक उडालं नाही. नुसते पंख फडफडवत चिखलातून पळालं. नत्थुजीने ते दोन्ही हातांनी पकडलं खरं, पण उठला तेव्हा बदक आणि नत्थुजी यांत मातीचा रंग सारखाच होता.

"मह्या बायकोचं पान खाल्लं यानं," तो धापा टाकत म्हणाला. "मी नाई देत."

"अरे बाबा, इतवार को साहब के घर दावत है! यही बतख पकने वाली है!"

हे ऐकून गोदाकाकूंनी कानांवर हात ठेवले. पण खरा घाव अजून पडायचा होता. हरिहरभटांनी डोळे उघडले. ते काही वाईट माणूस नव्हते, पण प्रश्न सुटू लागला की त्यांना थांबता येत नसे.

"रानातला पक्षी असेल तर तो कोणाचा नाही," ते म्हणाले. "तो आला म्हणजे पितरांनी पाठवला, असं म्हणता येईल. पण पाळलेला असेल तर तो मालकाचा. त्यानं खाल्लेल्याचं फळ मालकाच्या पितरांना."

"म्हंजे?"

"म्हणजे खीर साहेबाच्या आजीला पोचली."

नत्थुजीच्या डोळ्यांपुढे विलायतेतली एक गोरी म्हातारी आली. ती आरामात बसून त्याने केलेली, खालून लागलेली खीर खात होती. आणि कौशल्या बाजूला उभी राहून बघत होती. ती काही बोलत नव्हती. कौशल्या गप्प राहिली की किती बोलते हे त्याला ठाऊक होतं.

"हे रानातलंच हाय," तो म्हणाला.

"साबित करो," खानसामा म्हणाला.

झालं. अर्ध्या घटकेत सगळं गाव तळ्यावर जमलं. गोदाकाकूंनी पहिला हुकूम दिला. बदकाच्या पोटात कौशल्येचं पान आहे. निकाल लागेपर्यंत त्यावर दुसरा घास पडता कामा नये. त्यांनी कोऱ्या धोतराची पट्टी फाडली आणि चिखलाने भरलेली ती चोच, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या सोडून, बुडापासून टोकापर्यंत गुंडाळून बांधून टाकली. हरिहरभटांना हे शास्त्राला धरून वाटलं. खानसाम्यालाही हरकत नव्हती. त्याला बदकाची चोच नको होती, बाकीचं हवं होतं.

पार्बताबाई भोईण तळ्यात जाळं टाकून आली होती. ती गर्दीच्या मागून म्हणाली, "चोच कायले बांधता? चोच पाहा ना."

"तू गप राह्य वं," गोदाकाकू म्हणाल्या. "मासोळ्या समजते तुले. हे श्राद्धाचं काम हाय."

पार्बताबाई पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. या गोष्टीत तेव्हाच शहाणपण निघून गेलं असं म्हणायला हरकत नाही; आपण मात्र मागं राहिलेल्या मंडळींबरोबर राहू.

मागं राहिलेल्या मंडळींनी पिसं तपासली. अंगावर तपकिरी खवले खवले. खानसामा म्हणाला, आमचंही भुरंच आहे. पाय तांबडे. आमचेही तांबडे. पंख उघडून पाहिला तर आत हिरवी चकाकी. आमच्या बतखीलाही चमक आहे, फक्त निळी की हिरवी ते आता ध्यानात नाही. मग त्याने पंखाची कडा दाखवली. "और ये देखो! बड़े पर ही नहीं हैं. हमने खुद काटे थे, उड़े नहीं इसलिए."

मोठी पिसं खरोखरच नव्हती. भादव्यात बदकांची पिसं झडतात आणि नवी येईपर्यंत त्यांना उडता येत नाही, हे सांगणारी एकच व्यक्ती गावात होती आणि ती पाटी घेऊन गेली होती.

"कापलेली काय आन् तुटलेली काय," खुशालराव म्हणाला, "उडवून पाहू ना! रानातलं असन तं जीव घेऊन उडन. पायाले दोरी बांधतो, म्हंजे जानार नाई."

त्याने दोरीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं, बदक बगलेत मारलं आणि गोठ्याच्या भिंतीवर चढला. तिथून त्याने गावाला दोन शब्द सांगितले, ते कोणी ऐकले नाहीत. मग बदक जोर करून आकाशात फेकलं. बदक जेवढं वर गेलं तेवढंच खाली आलं, ते थेट ढोरांच्या पाण्याच्या हौदात. दोरीला हिसका बसला आणि त्याच वाटेने खुशालराव गेला. बदक तरंगलं. खुशालराव बुडाला.

"देखा?" खानसामा म्हणाला. "पालतू है."

"कोन? खुशालराव?" गर्दीतून कोणी तरी विचारलं.

नत्थुजी हसला नाही. बदक डालग्याखाली झाकून तो शेजारी बसून राहिला. हरिहरभट जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर्वपित्रीला पुन्हा पान मांडू. दर्भ मी आणीन." ही दर्भाची दया त्याला सगळ्यात जास्त लागली.

खानसामा मात्र थांबला होता. तोही शेजारी उकिडवा बसला. "पटेल," तो हळू आवाजात म्हणाला, "मेरी भी घरवाली गई, चार साल हुए. पर साहब गिनता है. एक कम हुई तो मैं भी कम." मग डालग्याकडे बोट दाखवून, "साहब के पास परिंदों की किताब है. हर परिंदे की तस्वीर. कल अमरावती चलते हैं. किताब बोले जंगली, तो मैं कुछ नहीं बोलूँगा."

याहून चांगला तोडगा गावात कोणी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजीने गाडी जुंपली. मागं डालग्यात बदक, त्याच्या एका बाजूला खानसामा, दुसऱ्या बाजूला खुशालराव. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण सल्ला देणाऱ्याला आमंत्रण लागत नाही. रस्त्यात चिखल इतका की दोनदा उतरून चाकाला खांदा द्यावा लागला. दोन्ही वेळा खुशालरावाने गाडीत बसून, खांदा कुठं लावावा ते सांगितलं.

शहराभोवतीच्या परकोटाच्या वेशीपाशी नाका आला आणि नत्थुजीचा कासरा आपोआप ढिला पडला. तीच जागा. तोच निंब. भर पावसाळ्यातही दाबून ठेवलेला कापूस विकायला निघालेल्या वीस-पंचवीस गाड्या रांगेत होत्या. दोन वर्षांमागे याच निंबाखाली त्याने दोन रात्री काढल्या होत्या. शेजारच्या गाडीवानाबरोबर हसत, भाव किती चढला त्याच्या गप्पा मारत. तेव्हा घरी बायका दिवस मावळेपर्यंत त्याची वाट पाहत होत्या.

"चाल ना गड्या," खुशालराव म्हणाला.

नाक्यावर कमलाकांत नावाचा कारकून होता. पुण्याकडून नुकताच आलेला. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव अक्षरासारखा. एक काना इकडचा तिकडे खपत नसे. त्याने गाडीकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला.

"कापूस कुठे आहे?"

"कापूस नाई, रावसाहेब."

"नाही? अमरावतीत गाडी आणली आणि कापूस नाही?" त्याला संशय आला. त्या दिवसांत तो यायला हवाच होता. "मग त्या डालग्यात काय लपवले आहे?"

"मह्या बायकोचं पान खाल्लेलं बदक."

कमलाकांताने कानामागे टाक खोचला. मग पुन्हा काढला. नत्थुजीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. खानसाम्याने आपली बाजू सांगितली. खुशालरावाने दोन्ही बाजू सांगितल्या. मागून गाडीवान ओरडू लागले. "अबे, सरकवा ना गाडी! तिकडे भाव उतरून राहिला!"

"हे पाहा," कमलाकांत म्हणाला, "आपल्या कुटुंबाबद्दल मला वाईट वाटते. पण माल आत जायचा तर नोंद झाली पाहिजे. पाळीव असेल तर कोंबड्या-बदकांत लिहीन. रानटी असेल तर शिकारीत. कुठले आहे?"

"हेच तं इचारायले चाललो ना साहेबाकडे!"

"नोंद झाल्याशिवाय आत जाता येणार नाही."

"आन् आत गेल्याशिवाय नोंद कशी होईन?"

यावर कमलाकांताने जरा विचार केला. प्रश्न योग्य होता, पण त्याला रकाना नव्हता. "मग वर्णन लिहितो," तो म्हणाला. "वर्णन पक्के असले की पुढे कोणीही ठरवावे. रंग?"

"मातकट."

"तपकिरी, खवल्यांचा. पाय?"

"लाल."

"तांबडे. पंख?"

"मोठी पिसं नाईत. आत हिरवं चमकते."

"चोच?"

तिघं एकमेकांकडे पाहू लागले.

"चोच बांधून हाय," नत्थुजी म्हणाला.

"मग सोडा."

"सोडता येत नाई. तिचा उपास हाय."

"बदकाचा?"

"निकाल लागेपर्यंत."

कमलाकांताने वही फिरवून दाखवली. "हे पाहा. रंग आहे, पाय आहेत, पंख आहेत. चोचीचा रकाना रिकामा. नोकरीला लागल्यापासून माझ्या वहीत एकही रकाना रिकामा नाही. बदकाला चोच असते. ती पाहिल्याशिवाय ही गाडी पुढे जाणार नाही, आणि ही गेल्याशिवाय मागची एकही जाणार नाही."

मग तर कहर झाला. गाडीवान उतरून आले. कोणी म्हणालं सोडा, कोणी म्हणालं श्राद्धाचं आहे, पाप लागेल. खुशालरावाने सुचवलं, चोच काळी लिहा, बहुतेक चोची काळ्याच असतात. "अंदाजाने?" कमलाकांत असा ओरडला की दोन बैल बिचकले.

नत्थुजी निंबाकडे पाहत होता. याच नाक्यावर तो एकदा कुणाचं तरी ऐकून थांबला होता. पुढची गाडी हलली की जाऊ, भाव फुटला की जाऊ, सकाळ झाली की जाऊ. त्याने तांब्या उचलला.

"सरका," तो म्हणाला.

बदक मांडीवर घेतलं, पट्टीची गाठ सोडली. आत चिखल वाळून कडक झाला होता, त्यात खिरीचे दाणे चिकटलेले. त्याने तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन हळूहळू ती चोच धुतली. चिखल सुटला. चोच काळी निघाली.

"बोललो होतो," खुशालराव म्हणाला.

पण नत्थुजी अजून धूत होता. टोकाकडचा चिखल निघाला, आणि टोक पिवळं निघालं. फिकट नाही, मळकं नाही. बाईने बोट हळदीच्या करंड्यात बुडवावं तसं. त्याने बुडाकडे पाणी सोडलं. तिथं, कपाळाशी, इकडे एक आणि तिकडे एक, लाल ठिपका. त्याने अंगठ्याने पुसून पाहिला. गेला नाही.

ओरडणारे गाडीवान जवळ सरकले. एका म्हाताऱ्याने मुंडासं काढून हात जोडले.

कमलाकांत लिहायला वाकला होता. तो मोठ्याने म्हणत म्हणत लिहीत होता. "चोच काळी. टोकास पिवळी, हळदीप्रमाणे. बुडाशी दोहो अंगांस तांबडा ठिपका..." त्याचा टाक थांबला. त्याने वर पाहिलं. "कुंकवाप्रमाणे," तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि ते लिहिलं.

खानसामा पुढे आला. बदकाच्या तोंडाकडे त्याने नीट पाहिलं. "हमारी सबकी चोंच पीली है. सादी पीली. चारों की मैं रोज देखता हूँ." त्याने मोठा श्वास सोडला, त्यात त्याची नोकरी होती. "जंगली लिखो, मुंशीजी. ये हमारी नहीं."

"साहेबाच्या पुस्तकात..." खुशालराव सुरू झाला.

"किताब रहने दो," खानसामा म्हणाला.

"जात, रानटी," कमलाकांताने लिहिलं. "मालकाचे नाव?"

"मालक नाई," नत्थुजी म्हणाला. "थे आपल्या मनानं आलं."

"मालक, नाही." त्याने नक्कल उतरवून शाई सुकायला वाळू टाकली, शिक्का मारला आणि कागद दोन्ही हातांनी दिला. गाडी आत न जाताच वळली. मागच्या पंचवीस गाड्यांनी चिखलात उतरून तिला वाट करून दिली. भाव उतरत होता, तरी दिली.

गावात बातमी गाडीच्या आधी कशी पोचली कोण जाणे. वेशीवर डफडं वाजत होतं. गोदाकाकू आरती घेऊन उभ्या. आधी त्यांनी बदकाकडे पाहिलं, मग पदर डोळ्यांना लावला आणि मग म्हणाल्या, "मी बांधली म्हनून तं पुसल्या गेलं नाई."

गर्दीच्या मागून पार्बताबाई पुढे आली. आता तिला सगळ्यांनी वाट दिली.

"काल सांगून राहिली होती मी, चोच पाहा," ती म्हणाली. "तळ्यावरचे म्हातारे-पोरं सारे वळखतात याले. हळदीकुंकवाचं बदक म्हनतो आमी. आन् पिसं भादव्यात झडतात त्याचे. कोनी इचारलं काय?"

"चुकलं माय," नत्थुजी म्हणाला, आणि गावासमोर तिला हात जोडले.

हरिहरभटांनी नाक्याचा कागद उभा आडवा वाचला. शिक्का पाहिला. मग कमरेचा दर्भ काढून तळ्यात टाकून दिला. "पान शिवलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ग्रंथ लिहिणारा या तळ्यावर कधी बसला नसेल, एवढंच."

राहिला खानसाम्याचा प्रश्न. तोही संध्याकाळच्या आत सुटला. खुशालरावाच्या घरातून बायकोची किंकाळी आली, आणि मागोमाग साधी पिवळी चोच असलेलं एक भुरं बदक. आढ्यापर्यंत भरलेल्या कापसात त्याने ऐसपैस घरटं केलं होतं आणि अंडं घातलं होतं. एवढ्या महागाच्या गादीवर साहेबसुद्धा झोपत नसेल. खानसाम्याने बदक छातीशी धरलं आणि अंडं खुशालरावाला ठेवून घ्यायला सांगितलं. भाव चढेल म्हणून.

नत्थुजी धुण्याच्या दगडावर एकटा बसला. त्याने उरलेली खीर आणली होती. बदकाने उपास सोडला, यावेळीही खालून लागलेल्यासकट. मग ते पाण्यात उतरलं आणि मागं न पाहता लव्हाळ्याकडे निघालं. चोचीचं पिवळं टोक बराच वेळ दिसत राहिलं.

दोन वर्षं त्याला वाटत होतं की ती कपाळ पुढे करून कुठंतरी थांबली असेल. आता त्याला हसू आलं. मोठ्याने आलं, इतकं की बाभळीवरचे कावळे उडाले. कौशल्या कधी कोणाची वाट पाहत बसणारी बाई नव्हती. नवरा येत नाही म्हटल्यावर तिने आपलं आपण लावून घेतलं होतं, आणि वर येऊन खीर कशी झाली तेही पाहून गेली होती.